व्हॉल्व्हवरची दुसरी टिकली

बाबा, तुमचा जर्मन माइक गेल्या आठवड्यात माझ्या टेबलावर आला. तुमच्या संगीत कॉलेजनं रेकॉर्डिंग रूममधलं जुनं सामान काढून टाकलं होतं, ते फिरत फिरत एका तरुण स्टुडिओवाल्याकडे पोचलं, आणि तो मुलगा कुणाकडून तरी पत्ता घेऊन माझ्या कारेलीबागेतल्या वर्कशॉपवर आला. "बेन, आमां नवो वाल्व नाखी आपो ने," म्हणाला, यात नवा व्हॉल्व्ह बसवून द्या. जुना चाळीसेक वर्षांचा तरी आहे, त्यात आता काय राम उरला असणार, असं त्याचं म्हणणं. मी माइक हातात घेतला आणि जाळीवरचा पोचा बघूनच ओळखला. जिन्यावर तुमच्याच हातून आपटला होता आणि तुम्ही दोन दिवस जेवला नव्हतात. त्या मुलाला म्हटलं, ठेवून जा, ऐकून सांगते. तो गेल्यावर दार ओढून घेतलं आणि मग उघडला. आत जे दिसलं त्यासाठी हे लिहायला बसलेय. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, आता लिहून काय उपयोग, हे मला कळतं. तरी लिहितेय.

आपलं दांडिया बाजारातलं स्वयंपाकघर आठवतं तुम्हाला? रस्त्यापासून सगळ्यात लांबची खोली म्हणून तुम्ही रविवारी तिथे ठाण मांडायचात. ओट्याच्या एका टोकाला तुमची अॅल्युमिनियमची पेटी, घरी बनवलेली, वर काचेचा व्हॉल्व्ह खोचायला सॉकेट, बाजूला छोटा माइक आणि कानाला हेडफोन. कॉलेजच्या माइकसाठी, प्रीअँपसाठी जे बदली व्हॉल्व्ह मिळतील ते पिशवीत घालून घरी आणायचे आणि एकेक करून ऐकायचे. आधी अर्धा तास नुसता तापवायचा. मग पेन्सिलीनं काचेवर हलकी टिचकी. टिचकी ऐकू आली तर हरकत नाही, पण ती घंटेसारखी रेंगाळली तर बाद. मग सगळ्यांनी गप्प बसायचं आणि त्या शांततेत काय ऐकू येतं ते ऐकायचं. "गॅसवर काही नाही आणि माझ्या कानात मोहरी तडतडतेय, म्हणजे हा गेला," असं म्हणून तो बाजूला ठेवायचात. आणि जो या सगळ्यातून पार पडेल त्याची शेवटची परीक्षा आईच्या हातात. आई खरीखुरी फोडणी घालायची आणि तुम्ही डोळे मिटून ऐकायचात, मोहरी वेगळी, जिरं वेगळं, कढीलिंब वेगळा ऐकू येतो का. आई म्हणायची, "या घरात शाक माणसांसाठी होत नाही, व्हॉल्व्हसाठी होतं." पास झालेल्या व्हॉल्व्हवर तुम्ही तिच्या नेलपॉलिशचा एक लाल ठिपका द्यायचात. त्याला आपल्या घरात टिकली म्हणायचे. टिकली लावली की तो कॉलेजात जायला मोकळा.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, फिजिक्स घेऊन, आणि डोक्यात वारं शिरलेलं. मी खोक्यावरचं नाव वाचायची, देश वाचायची, पुस्तकातले आकडे तुमच्या तोंडावर फेकायची. एकदा तुम्ही हातातली पेन्सिल खाली ठेवलीत आणि शांतपणे म्हणालात, "डबी काय वाचतेस? डबी गाते का?" मला इतकं लागलं की मी त्या दिवशी जेवताना तुमच्याशी बोलले नाही. आणि दुसरं तुमचं ते, पिना जुळल्या म्हणून बसवायचं नसतं. दोन व्हॉल्व्ह एकाच सॉकेटात बसतात, पण एक आवाज दामटून मोठा करतो आणि दुसरा बेतानं. जागा कोणाची आहे ते बघून निवडायचा. त्याच वर्षी माझ्यासाठी स्थळं यायला लागली होती, तेव्हाही तुम्ही हेच वाक्य आईला ऐकवलंत, आणि पत्रिका बघणाऱ्या मावशीचं तोंड वाकडं झालं. मी मात्र त्या दिवशी तुमच्यावरचा सगळा राग विसरले.

मग लंडनचा व्हॉल्व्ह आला. पादरा गावच्या शेठांचा मुलगा तिकडे होता, त्याच्यामागे तुम्ही सहा महिने लागला होतात. तो सुट्टीला येताना लोकरी मोज्यात गुंडाळून घेऊन आला. त्या रविवारी आईनं तीनदा फोडणी घातली. तुम्ही हेडफोन काढेनात. "काय मजा पडली," म्हणालात, आणि टिकली स्वतः न लावता बाटली माझ्या हातात दिलीत. दुसऱ्या दिवशी कॉलेजात बुवा गायला येणार होते. दोन वर्षं हो-नाही करत होते, दम्यानं बेजार होते, आणि हे त्यांचं शेवटचंच रेकॉर्डिंग असणार हे तुम्हालाही माहीत होतं. तुम्ही त्यांना आणायला खाली दारात गेलात आणि मला म्हणालात, "वर जा, नवा व्हॉल्व्ह बसव आणि तापत ठेव. सावकाश हं." माझ्यावर सोपवलेलं ते पहिलं मोठं काम.

सावकाश कसलं. मी घाईघाईनं जुना काढला, नवा तिरका धरला आणि दाबला. एक पिन वाकली, बुडाशी बारीक कुट्ट झालं आणि माझ्या डोळ्यांदेखत काचेच्या आतला चंदेरी डाग दुधासारखा पांढरा पडला. आत हवा गेली. संपला. जिन्यावर बुवांचा खोकला ऐकू येतोय, मागून तुमचा आवाज, "सावकाश, सावकाश, घाई नाही." मी जुना व्हॉल्व्ह परत खोचला, माइकचं नळकांडं बंद केलं, फुटका रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला. ठरवलं होतं, रेकॉर्डिंग झालं की लगेच सांगायचं. देवाशपथ ठरवलं होतं.

बुवांनी आधी बिनदुधाचा चहा मागितला, मग तंबोरे लावून घेतले. पहिला षड्ज लागला. तुम्ही हेडफोन कानाला लावलेत, डोळे मिटलेत, आणि तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा हात धरून कुजबुजलात, "ऐकलंस? याला म्हणतात व्हॉल्व्ह." झालं. आता मी काय सांगणार होते? तासाभरापूर्वी सांगितलं असतं तर लाज माझी गेली असती. आता सांगितलं तर तुमची जाणार होती. ज्या कानावर अख्खं कॉलेज विसंबून होतं, त्या कानाला जुना आणि नवा कळला नाही, हे मी तुमच्या तोंडावर कसं म्हणू? संध्याकाळी घरी येताना तो रुमाल मी सुरसागर तळ्यात टाकला.

त्यानंतर तुम्ही ती गोष्ट किती वेळा सांगितलीत. पाहुणे आले की लंडनचा व्हॉल्व्ह. विद्यार्थी आले की लंडनचा व्हॉल्व्ह. माझ्या सासरची माणसं पहिल्यांदा जेवायला आली तेव्हासुद्धा आमरसाच्या वाटीवर लंडनचा व्हॉल्व्ह. आणि शेवटी दरवेळी माझ्याकडे वळून, "काय गं, खरं ना?" मी म्हणायची, "हो बाबा." मनात दरवेळी थोडी कीव यायची आणि, आता लपवत नाही, थोडी गंमतही वाटायची. तुम्ही गेल्यावर तर मी तीच गोष्ट उलटी करून सांगायला लागले. महागड्या नावांचे व्हॉल्व्ह मागवणारी पोरं येतात ना, त्यांना सांगायची, माझे वडील एवढे कानाचे पक्के, पण लंडनची डबी बघून फसले. लोक हसायचे. मीही हसायची. बावीस वर्षं मी तुमच्या जिवावर लोकांना हसवलंय, बाबा.

गेल्या आठवड्यात माइक उघडला तर आत तोच जुना व्हॉल्व्ह. ते मला माहीतच होतं. त्यावर तुमची लाल टिकली, तीही मला माहीत होती. पण तिच्या शेजारी दुसरी टिकली होती, गुलाबी. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. ती मी लावलेली नव्हती. तसाच तो व्हॉल्व्ह डबीत घालून आईकडे गेले. आई आता माझ्याकडेच असते, ऐकायला कमी येतं, पण नजर अजून शाबूत आहे. तिनं खिडकीजवळ धरून बघितला आणि म्हणाली, "अगं, हा तुझ्या साखरपुड्यातला रंग. न्यायमंदिरापाशी घेतला होता. मला शोभला नाही म्हणून पुन्हा कधी लावला नाही." साखरपुडा त्याच वर्षी, बुवांच्या रेकॉर्डिंगनंतर दोन महिन्यांनी. मी विचारलं, बाबांनी कधी मागितला होता का तो? आईनं व्हॉल्व्ह परत डबीत ठेवला. मग म्हणाली, "हो की. कॉलेजला जाताना बाटली खिशात घालून घेऊन गेले. आले ते हसतच. म्हणाले, पोरीनं कान कापले माझे. मी म्हटलं, काय केलं तिनं? तर म्हणाले, सांगेल तीच कधीतरी."

मी आईसमोर रडले नाही. वर्कशॉपवर जाऊन रडले. म्हणजे तुम्ही माइक उघडलात, मोज्यातून आलेला व्हॉल्व्ह तिथे नाही हे बघितलंत, जुनाच कसाला उतरला म्हणून त्याला पुन्हा पास केलंत, आणि झाकण लावून घरी आलात. तुमचे कान चुकले हे तुम्हाला कळलं होतं आणि तुम्ही त्यावर हसू शकला होतात. मग पुढची सगळी वर्षं ती गोष्ट रंगवून सांगत होतात ती कोणासाठी? मी शेजारी बसलेली असले की आणखी रंगवायचात. मला वाटायचं, मी तुम्हाला सांभाळून घेतेय. आणि तुम्ही दरवेळी दार उघडं ठेवून थांबला होतात, आणि मी दरवेळी "हो बाबा" म्हणून ते लावून घेत होते.

काल ओट्यावर माझी पेटी मांडली. जुना व्हॉल्व्ह आणि त्या मुलासाठी मागवलेले तीन नवे, चारही तापवले, टिचक्या मारल्या, फोडणी माझी मीच घातली. नव्यातला एक घंटेसारखा वाजला, एकात मोहरी होती. राहिला एक, आणि तुमचा जुना. सुनेला म्हटलं, तूच बदलत जा, मला सांगू नकोस. डोळे मिटून सहा वेळा ऐकलं. मला फरक कळला नाही, बाबा. चाळीस वर्षं या धंद्यात काढून कळला नाही. तुम्हाला हसण्याचा माझा हक्क तिथेच संपला. त्या मुलाला सकाळी फोन करून सांगितलं, नवा नको, आहे तोच ठेव, अजून गातो. त्याला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. तरी मी तोच परत बसवला, पिना सरळ धरून, सावकाश. बसवण्याआधी सुनेचं नेलपॉलिश मागून घेतलं आणि तिसरी टिकली लावली. तिचा रंग जांभळा आहे, तुम्हाला आवडला नसता.

हे कागद आता तुमच्या जुन्या पेटीत, व्हॉल्व्हच्या रिकाम्या डब्यांखाली ठेवणार आहे. पाठवायचं असतं तर एवढं लांबलंच नसतं, तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर दोन शब्दांत मावतं. आमरसाच्या वाटीवरून माझ्याकडे बघत विचारलं होतंत, काय गं, खरं ना?

नाही, बाबा.