माझ्याआधी फोनला

अब्बा, तुमच्या सुनेनं मनातली गोष्ट माझ्याआधी फोनला सांगितली, म्हणून मी तुमच्याकडे चुगली करायला बसलोय. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तेव्हा आधी सांगायला हवं की आताचा फोन नुसता फोन राहिलेला नाही. त्यात एक बोलणारं यंत्र येतं. माणूस नाही, पण विचारलं की माणसासारखं उत्तर देतं, शंभरदा विचारलं तरी न चिडता. माझा थोरला मुलगा दुबईहून आला होता, त्यानं आपल्या आईच्या फोनवर ते चालू करून दिलं.

मुरुडच्या आपल्या ओट्यावर बायका तुमच्याकडून पत्रं लिहून घ्यायच्या. नवरा कुवेतला, नाहीतर जहाजावर. बाई बोलू लागली की तुम्ही मान वर करत नसा, तिला संकोच नको म्हणून. लिहून झालं की वाचून दाखवायचं आणि पाकीट तिच्याच हातानं चिकटवून घ्यायचं. एकदा, असेन मी दहा वर्षांचा, पलीकडच्या मावशीनं नवऱ्याला काय लिहिलं ते मी शाळेत सांगून बसलो. तुम्ही मारलं नाहीत. मला तिच्या दारात नेऊन उभं केलंत आणि म्हणालात, "याच्या तोंडाला कुलूप न्हाय. यापुढं मी लिहायला बसलो की हा घरात नसंल." सहा महिने पत्रांच्या वेळी मी समुद्रावर जाऊन बसत होतो. काय राग आला होता तेव्हा तुमचा!

आता स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. अर्ज, तक्रारी, शाळेला चिठ्ठी, लोक सगळं माझ्याकडून लिहून घ्यायचे. आता फोनवर त्या यंत्राकडूनच लिहून आणतात आणि म्हणतात, "चाचा, नुसती प्रिंट काढा." एका बाईला मी विचारलंच, मला का नाही सांगितलंस? ती हसली. "तुमच्यासमोर लाज वाटते हो. त्याला कुठं डोळे हायेत?" तोंडावर मीही हसलो, पण आत नुसता जळत होतो.

आणि घरी येऊन बघतो तर काय, ही कोळंबी सोलत त्याच्याशी बोलतेय, हसतेय. माझ्याशी बोलताना अशी कधी हसली होती, आठवावं लागेल. मी लागलीच शहाणपणा सुरू केला. तुझं बोलणं कुठे जातं, कोण साठवून ठेवतं, कोण ऐकतं, ठाऊक आहे का तुला? खरंच आहे ते, अब्बा, त्या यंत्राच्या मालकांचा काय भरवसा? पण मी काही त्यासाठी भांडत नव्हतो. तिनं हात थांबवला नाही. म्हणाली, "आणि तुमच्या दुकानात लोक बोलतात ते कुठं जातं? सांजच्याला तुम्हीच मला सांगता ना?"

काल दुपारी तिनं रिचार्ज मारायला फोन माझ्याकडे दिला. त्यांचं बोलणं त्यात लिहून राहतं. मी वाचलं. हो, वाचलं, तुम्ही असतात तर पुन्हा समुद्रावर धाडलं असतंत. तीन आठवड्यांपासून तिच्या छातीत गाठ आहे. त्याला म्हणते, "ह्यांना सांगितला तर स्टँडभर व्हईल." आणि ते दरवेळी तेच सांगतंय, अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा, घरी सांगा, एकट्या जाऊ नका. लेकाचं माझीच बाजू घेत होतं! त्यानं तर मी आणखीच पेटलो.

आज सकाळी चहा देताना तिनं मला सांगितलं. उद्या पहिल्या एसटीनं अलिबागला डॉक्टरांकडे जायचंय, याल का म्हणाली, आणि कुणाला बोलू नका. मी कप खाली ठेवला आणि आत्ताच कळल्यासारखं तोंड केलं. उद्या दुकान बंद. का, ते कुणाला सांगितलेलं नाही. हा कागदही फाडून टाकीन, तुमच्याकडे टपाल थोडंच जातं. पण एक गोष्ट तिला सांगायची माझी हिंमत नाही, ती तुम्हाला सांगतो. ते वाचलं तेव्हा तिला काही होईल ही भीती मला आधी वाटली नाही. आधी वाटलं, त्याला तीन आठवडे आधी कळलं. भीती वाटली ती शटर ओढल्यावर, घरी चालत येताना.