मेकला न्यायला सरकार आलं

सुफानबुरी, ९ फेब्रुवारी

ती. पो यांस,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार वि. वि. सरपंचांकडे फोन केला की अख्खा गाव ऐकतो, म्हणून हे पत्र आरोग्यसेविका पा मालायच्या हाती पाठवतेय.

बातमी कानावर आलीच असेल. कालव्यापलीकडच्या कोंबड्या तापाने मेल्या. त्यांना हाताळणारी बाई इस्पितळात आहे, तिचं काही खरं नाही. शुक्रवारी आपल्या गावातली सगळी पाखरं मारून पुरायची आहेत. हुकुमावर आरोग्य अधिकारी म्हणून माझी सही आहे.

मेकला विकलं, असं तुम्ही पा मालायला सांगितलंत म्हणे. पो, तुम्ही एक वेळ घर विकाल, झुंजीचा कोंबडा विकणार नाही! कायद्याने मला कुणाच्याही घरात शिरून झडती घेता येते. तुमच्या घरात तशी शिरायची वेळ आणू नका. झुंजीत त्याच्या घशात रक्त अडकलं की तुम्ही त्याची चोच तोंडात धरून ते ओढून काढता, आणि हा ताप माणसाला लागतो तो असाच. आई गेली. आता मला तुम्हीच आहात. लेकीवरच्या लोभाखातर त्याला स्वतःहून द्या.

तुमची पुक

*

गावाहून, १० फेब्रुवारी

चि. पुक हिस,

म्हाताऱ्या बापाचे, तुझ्या पोचे, आशीर्वाद. मेक अंथरुणावर तुझ्या आईच्या रिकाम्या बाजूला, मच्छरदाणीत, माझ्यापेक्षा सुखात झोपतो. ती गेल्यापासून पहाटे मला उठवणारा तोच. नाहीतर उठायचं कशाला, असं रोज वाटतं.

इथे सगळ्यांनीच कोंबडे दडवलेत. कुणी खाटेखाली, कुणी भाताच्या कणगीत. आणि सगळ्यांचे डोळे माझ्या फाटकाकडे. शेजारचा बुनमी टोमणा मारून गेला, की अधिकारीणबाईंच्या बापाला कसला आलाय कायदा.

तेव्हा एक ऐक. लेक म्हणून मेकला मागू नकोस. लेकीला मी आजवर नाही म्हटलं नाही, या वेळी म्हणेन, आणि ते आपल्या दोघांत जन्मभर राहील. सरकार म्हणून ये. टोपी घालून, कागद घेऊन, पुढच्या फाटकाने. दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस. सरकारवर मला पोटभर रागावता येईल.

लोभ आहे तो आहेच, तो मागावा लागत नाही.

पो

*

सुफानबुरी, १५ फेब्रुवारी

ती. पो यांस,

नमस्कार वि. वि. तुमच्या शब्दाप्रमाणे आले. अंगणात सगळ्यांसमोर हुकूम वाचताना माझा आवाज बसला, तर तुम्ही म्हणालात की अधिकारीणबाई, जरा मोठ्याने, मागे बुनमीला ऐकू येत नाहीये. मग झुंजीआधी घालता तशी मेकला कोमट पाण्याने आंघोळ घातलीत आणि माझ्या हातमोज्यांत दिलंत. तुमच्या मागून एकेक जण कोंबडे घेऊन बाहेर आला. बुनमी तर रडतच होता.

पण मग मी दुसरा कागद काढला, तुम्हाला ताप येत नाही हे ठरेपर्यंत फाटकाबाहेर पडायचं नाही, म्हणून. तो तुम्ही घेतलात आणि दार लावलंत. मी रोज डबा फाटकाला अडकवते, तुम्ही खिडकीत येत नाही. ताप मोजायला पा मालाय येते, तिच्याशीही बोलत नाही म्हणे. पो, तुम्ही सरकारवर रागावलात की माझ्यावर? ताप नसू दे, मग राग कितीही असू दे.

तुमची पुक

*

गावाहून, १९ फेब्रुवारी

चि. पुक हिस,

आशीर्वाद. ताप नाही. राग होता, तो सरकारवर. म्हणून पडद्याआडून रोज सरकारला बघायचो. तोंडाला फडकं बांधून, डबा अडकवून, उन्हात कितीतरी वेळ उभं राहायचं बिचारं. एकदा डोळे पुसताना पाहिलं. मग रागवायचं तरी कुणावर?

सरकारच्या हातचं माशाचं कालवण फार खारट असतं. आई शिकवत होती तेव्हा तुझं लक्ष कुठे होतं कोण जाणे. तरी सगळं संपवलं.

मच्छरदाणीत एक पीस सापडलं. कायद्याप्रमाणे जाळलं. आता पहाटे जाग येते, पण हाक येत नाही, म्हणून पडून राहतो.

रविवारी माझी मुदत संपते. त्या दिवशी सरकारला सुफानबुरीतच ठेव. लेक म्हणून ये, शनिवारी रात्रीच बुनमीकडे मुक्कामाला ये, आणि पहाटे फाटकातून मला हाक मार.

पो