ताईची भुकटी

३ फेब्रुवारी

पुन्हा नाही जमली! भुकटी ऑटोक्लेव्हच्या दाबाच्या भांड्यातून काढली, धुतली, वाळवली, भट्टीत भाजली. दिसायला हवी तशीच — काळी, मऊ, काजळासारखी. काचेच्या नळीत भरून वरून टोल्युईनची विषारी वाफ सोडली. दोनशे अंशांवरसुद्धा अर्धीअधिक वाफ न जळता बाहेर. ताईच्या भुकटीवर दीडशेलाच सगळी जळाली होती. तेच मॅंगनीज, तीच भट्टी. हात तेवढा माझा.

ती, आमच्या सरांची आधीची विद्यार्थिनी, याच टेबलावर काम करून पदवी घेऊन गेली. मी इथेच घासतेय.

४ फेब्रुवारी

सर सगळ्यांदेखत म्हणाले, तिला जमलं ते तुला का जमत नाही? हातमोजा फाटलेला, परमॅंगनेटने बोटं तपकिरी झालेली. टेबलाखाली लपवली.

९ फेब्रुवारी

बाबांचा फोन. कारखान्यात दिवसभर चपलांना सोल्यूशन लावून सोल चिकटवायचे. त्यातही हीच टोल्युईनची वाफ. डोकं चढतं, आताशा जेवणाचा वासच येत नाही म्हणाले. आणि हसत म्हणाले, "तुझी भुकटी झाली की मालकाच्या मानगुटीवर बसतो. धुराड्यात बसवून घेतल्याशिवाय सोडत नाही."

होत आलीय म्हटलं. जीभ कशी रेटली कोण जाणे.

१७ फेब्रुवारी

माझ्या भुकटीचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो आले. सुईसारख्या बारीक काड्या — हुबेहूब ताईच्या फोटोतल्यासारख्या. बरं वाटायला हवं होतं. पण मग जळत का नाही? आता सांगायला सबबही उरली नाही.

१८ फेब्रुवारी

नाही.

२६ फेब्रुवारी

सरांनी विषय सोडायला सांगितलं. म्हणजे इथून जायलाच सांगितलं. काहींच्या हाताला गुणच नसतो, म्हणाले. आवाज न चढवता, डॉक्टर रोग सांगतात तसं. जिन्यात बसून रडले. मग रडूही थांबलं. खरंच असेल. आईसुद्धा म्हणायची, हिच्या हातून दही लागत नाही.

बाबांना कोणत्या तोंडाने सांगू?

२८ फेब्रुवारी

लाज गुंडाळून ताईला फोन केला. माझं कुठे चुकतंय, एवढंच विचारलं. ती म्हणाली, "माझंही एकदाच काय ते जमलं होतं गं. पुन्हा कधीच नाही. सरांना तेव्हाच सांगितलं होतं मी."