सुदर्शनचा पंच

बजाजनगर,
१४ ऑगस्ट २०२५

चि. विशाखास,
सप्रेम जयभीम.

आईचा गुडघा कसा आहे? पाचोडला पाऊस झाला का? एचआरमध्ये जायचं तर काय शिकावं, असं तू विचारलंस. फोनवर नीट सांगता येईना, म्हणून लिहिते.

एमबीए कर किंवा एमएसडब्ल्यू. कामगार कायदे पाठ हवेत, पीएफ-ईएसआय यायला हवं. आणि माणसाला बोलण्यात गुंतवता यायला हवं. त्यात मी हुशार आहे.

जूनमध्ये प्रेस शॉपमधला सुदर्शन लेखी तक्रार घेऊन आला. मशीनचा सेन्सर अधूनमधून बंद पडतो, हात आत असताना डाय, म्हणजे वरचा जड साचा, खाली येतो, असं म्हणाला. मी त्याला बसवलं, चहा मागवला, पोरीच्या शाळेचं विचारलं. वीस मिनिटांत त्यानं स्वतःच्या हातानं कागद फाडला. मॅनेजरनं माझं कौतुक केलं.

आठव्या दिवशी तो त्याच प्रेसखाली गेला. जागीच.

चौकशीत 'तक्रार आलेली नव्हती' असं मी लिहून दिलं, विशू.

त्यानंतर हजेरीच्या रिपोर्टमध्ये रोज सकाळी त्याचा पंच येऊ लागला. सहा बावन्न. मी यादीतून त्याचं नाव काढून टाकलं. कंपनीनं गेटवरचं हजेरीचं मशीन बदललं. तरी सहा बावन्न.

सोमवारी मी स्वतः गेटवर थांबले. मशीनसमोर कुणी नव्हतं. हिरवा दिवा लागला, 'थँक यू' आवाज आला. वॉचमन धोंडिबा मामांनी मानसुद्धा वर केली नाही.

"रोजच येतो मॅडम," ते म्हणाले. "तुमच्या केबिनकडं जातो. मी वहीत नाव लिहीत नाय, एवढंच."

केबिनमध्ये आले, तर समोरची खुर्ची मागं सरकलेली होती.

मी दार लावलं आणि त्या खुर्चीकडं बघत त्याची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहून काढली. खाली माझी सही केली. मंगळवारी ती कारखाना निरीक्षकांना दिली. काल त्यांनी प्रेस बंद केली आणि कंपनीनं मला घरी बसवलं.

आज सकाळी धोंडिबा मामांचा फोन आला. सहा बावन्नला मशीन गप्प होतं म्हणे.

उद्या बिडकीनला त्याच्या बायकोकडं जाते. तिच्यापुढं काय बोलायचं, ते मला येत नाही.

हे पत्र सांभाळून ठेव. कधी मीच म्हणाले की तक्रार आलीच नव्हती, तर मला हे मोठ्यानं वाचून दाखव.

तुझी ताई,
रूपाली