चौदा मिनिटं पाच सेकंद

नवागाम, सुरत
१६ मार्च १९९७

ती. श्रीरंगमामा यांस,
चंचलचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही आमच्या आळीतल्या वाल्मिकभाऊंच्या हाती पाठवलेलं स्टॉपवॉच सुखरूप पोहोचलं. एकतीस वर्षं तुम्ही ते गळ्यात घालून शाळेतली पोरं पळवलीत, म्हणून माय त्याला हळदकुंकू लावायला निघाली होती. काच खराब होईल म्हणून मी तिचा हात धरला, तर माझ्यावरच रागावली.

धुळ्याच्या कॉलेजचं माहितीपत्रकही मिळालं. व्यायाम शिक्षिकेच्या वर्गाला प्रवेश हवा तर तीन किलोमीटर पंधरा मिनिटांच्या आत धावायचं, चाचणी १ जूनला. अप्पांनी सुट्टीच्या दिवशी सायकलच्या चाकाला लाल सुतळी बांधली आणि चाकाचे फेरे मोजत कॅनॉलच्या रस्त्यावर तीन किलोमीटर मोजून दिले. निम्म्यावर एका म्हशीवाल्याने काय हरवलं म्हणून विचारलं, त्याला उत्तर देताना मोजणी चुकली, मग पुन्हा पहिल्यापासून. काल पहाटे तिथे धावले. चौदा मिनिटं चाळीस सेकंद!

बारावीनंतर अप्पांनी मला एक वर्ष दिलं आहे. यंदा जमलं नाही तर शेजारच्या भागीरथीकाकूंबरोबर भेस्तानच्या लूमच्या खात्यात सुताच्या कांड्या भरायला जायचं ठरलं आहे. सध्या घरी बसून साड्यांचे धागे कापते, तेवढ्यानेच मला सुताचा कंटाळा आला. मला तुमच्यासारखी शिट्टी गळ्यात हवी. काय काय करायचं ते सविस्तर कळवा, एकही गोष्ट मोडणार नाही.

मंगलामामींना नमस्कार. भाचीवर माया आहेच, थोडा धाकही राहू द्या.

तुमची,
चंचल

पारोळा
२५ मार्च १९९७

चि. चंचल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावलं. चौदा चाळीस म्हणजे सुरुवात झकास आहे. पण पहाटे कोणीही धावेल. चाचणीचा नंबर उन्हात लागला तर काय करशील? तेव्हा आजपासून सराव संध्याकाळी पाचचा. उन्हाला भ्यायचं नाही, उन्हाने आपल्याला भ्यायला हवं.

जाड पंचा पाण्यात भिजवून डोक्याला आणि मानेला गच्च गुंडाळायचा. आमच्याकडे तो धावेसोबत वाळत जातो आणि डोकं माठासारखं गार राहतं. धावण्याआधी तासभर पाणी वर्ज्य, पोटात पाणी डचमळलं की पाय जड होतात. आणि दर रविवारी वेळ कळवायची. मागच्या रविवारपेक्षा कमीच असली पाहिजे, कारणं मी ऐकत नसतो हे तुझ्या मायला विचार.

तशी तू नशीबवान आहेस. पेपरात सुरतेचा पारा सदतीस असतो आणि आम्ही चैत्र लागायच्या आत एकेचाळीस पाहतोय. तुला थंड हवेच्या ठिकाणी सराव करायला मिळतोय असंच समज. उखारावांना सांगा, रस्ता छान मोजला, पण म्हशीवाल्यांशी बोलू नये.

मामी आशीर्वाद सांगते. तू पळत राहा, आमचे आशीर्वाद मागून पळतच आहेत.

श्रीरंगमामा

नवागाम, सुरत
२० एप्रिल १९९७

ती. मामांस,
चंचलचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या सांगण्याप्रमाणे सगळं चालू आहे. रोज पाचला निघते, पंचा गुंडाळते, पाणी पीत नाही. इथे घाम फार येतो. घरी आले की ओढणी पिळून बादलीत पाणी काढता येतं. माय म्हणते की पोर कॅनॉलवर धावते की कॅनॉलात, तेच कळत नाही.

मागच्या रविवारची वेळ चौदा मिनिटं वीस सेकंद. आजची चौदा मिनिटं पाच सेकंद.

बाकी विशेष काही नाही. कैऱ्या आल्या आहेत, मायने लोणचं घातलं. भागीरथीकाकूंच्या हर्षदाला दात आला. मामींचा गुडघा कसा आहे ते कळवावं. पत्र लहान झालं, रागावू नका आणि माया कमी करू नका.

तुमची,
चंचल

पारोळा
२७ एप्रिल १९९७

चि. चंचल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चौदा पाच! पोरी, पत्र वाचून मी अंगणात उभा राहिलो आणि शिट्टी वाजवली. मामीला वाटलं कोणाचं काही पेटलं.

तुझा अर्ज मी कालच धुळ्याला स्वतः नेऊन दिला. त्यात एक रकाना होता, सरावातली उत्तम वेळ, खाली प्रशिक्षकाची सही. मी ठसठशीत अक्षरात चौदा मिनिटं पाच सेकंद लिहून सही केली. कारकून म्हणाला की बाहेरगावच्या मुलींचे आकडे पुष्कळदा फुगवलेले असतात. मी त्याला सांगितलं, एकतीस वर्षांत माझ्या सहीखालचा एकही आकडा खोटा निघालेला नाही. त्याने अर्जावर शिक्का मारला. शाळेत सगळ्या मास्तरांना पेढे वाटले, आता मागे फिरायची सोय नाही.

अखाजीच्या सणाला तुझ्या मायला माहेरी न्यायला मीच मुऱ्हाळी म्हणून येतो आहे. तेव्हा भेटूच. तोवर पंचा भिजलेला ठेव.

श्रीरंगमामा

नवागाम, सुरत
४ मे १९९७

रा. रा. श्रीरंगराव यांस,
उखाचा नमस्कार वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही, चुकभूल माफ करावी. चंचल परवा कॅनॉलच्या रस्त्यावर चक्कर येऊन पडली. वाल्मिक कामावर निघाला होता, त्याने पाहिली म्हणून बरं. त्याने डोक्याचा पंचा सोडला तर आतून वाफ आली म्हणतो. डोळे फिरले होते. दवाखान्यात सलाईन लावलं, रात्री घरी आणली. आता बरी आहे, भाकर खाते.

डॉक्टर म्हणाले की अंगातलं पाणी आणि मीठ सगळं गेलं. मी रोज बारा तास लूमचे सांचे चालवतो. खात्यात पत्र्याखाली माणसं पडतात ते मी पाहिलेलं आहे, म्हणून मला भीती वाटते. तिची माय म्हणते की आता धावणं पुरे. पोर भिंतीकडे तोंड करून निजते. तिला समजवायला मला जमत नाही. तुम्ही अखाजीला येणारच आहात, ते दोन दिवस आधी या. तुमच्या शब्दावर ती चालते. मी तुम्हाला बोल लावत नाही.

आपला,
उखा

नवागाम, सुरत
१२ मे १९९७

ती. मामांस,
चंचलचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मोठ्याने वाचू नका. तुम्हाला पत्रं घरात सगळ्यांना वाचून दाखवायची सवय आहे आणि माय तिथेच आहे, म्हणून आधीच सांगते.

तुम्ही दोन दिवस इथे होता. माझ्या उशाशी बसलात, माझ्याबरोबर कॅनॉलपर्यंत चाललात, माझ्या धावेचं सगळ्या आळीला कौतुक सांगितलंत. प्रत्येक वेळी बोलायचं ठरवलं आणि प्रत्येक वेळी तोंड उघडलं नाही. मामा, चौदा पाच खोटं आहे. चौदा वीसही खोटं आहे. मार्चनंतर मी एकदाही पंधराच्या आत आलेली नाही. एप्रिलमध्ये सोळा मिनिटं, पडायच्या आदल्या दिवशी साडेसोळा. जितकं जास्त धावायची तितकी हळू होत गेले. तुम्ही कारणं ऐकत नाही म्हणून आकडा कमी करून लिहिला. तो अर्जावर जाईल, त्याखाली तुमची सही होईल, हे मला सुचलंच नाही.

तुमचं पेढ्यांचं पत्र आलं तेव्हापासून जेवण गेलं. म्हणून त्या दिवशी जीव खाऊन धावले आणि पडले. तुम्ही अर्ज परत मागून घ्या. मी कांड्या भरायला जाईन, त्याचं काही नाही. तुमच्या नावाला माझ्यामुळे डाग लागला तर मला सहन व्हायचं नाही.

माया मागायला तोंड नाही.

चंचल

पारोळा
१६ मे १९९७

चि. चंचल हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दाखवलं नाही. मायला सांगितलं, पोरीचं अक्षर लागत नाही. पहिल्या दिवशी मला राग आला, तो खराच आला. वेळ चोरणाऱ्या पोरांना मी मैदानाबाहेर काढलेलं आहे. तुला रागाने एक पत्र लिहिलं आणि फाडलं, कारण लिहिता लिहिता मला माझंच बनियन आठवलं.

तुमच्याकडे मी सकाळी आंघोळ करून बनियन दोरीवर टाकलं होतं. दुपारी पाहिलं तर ओलं. संध्याकाळीही ओलं, शेवटी तसंच पिशवीत घालून घरी आणलं. इथे टाकलं तर मामीने चहा ठेवायच्या आत कडक वाळलं. अगं, जिथे दोरीवरचं बनियन वाळत नाही तिथे अंगावरचा घाम कसा वाळणार? आणि घाम वाळला नाही तर अंग गार कसं होणार? तो ओला पंचा इथे माठाचं काम करतो, तिथे त्याने तुझ्या डोक्यावर झाकण घातलं. मी पेपरातला पारा वाचला आणि स्वतःला शहाणा समजलो. तू हळू झालीस ते तुझ्या आळसाने नाही, माझ्या अडाणीपणाने. खोटं बोललीस ती चूक तुझी. ज्याला खरं सांगवत नाही असा मास्तर झालो, ती माझी.

अर्ज परत घेणार नाही. कॉलेजला पंधरा मिनिटं हवी आहेत, चौदा पाच ही माझ्या सहीची गोष्ट आहे, ती मी पाहून घेईन. न जमल्यास कारकुनासमोर मीच चूक कबूल करेन. तू त्याची काळजी करू नकोस.

आता नीट ऐक. दोन दिवस थांब, डॉक्टरांना विचारून मगच सुरुवात कर. पुन्हा पहाटे, सूर्य वर येण्याआधी. पंचा कपाटात. अंगात पातळ, सैल सुती कपडे. निघण्याआधी मीठ, साखर आणि लिंबाचं पाणी, निम्म्या वाटेवर पुन्हा. उखारावांना सायकलवर बाटली घेऊन उभं करा. स्टॉपवॉच वाल्मिकबरोबर मला परत पाठव. आता वेळ मोजायची नाही. धावताना मोठ्याने पाढे म्हणायचे. पाढा तुटला की वेग जास्त झाला, कमी करायचा. कुठल्या पाढ्यापर्यंत दम पुरला तेवढंच मला कळव. आणि खरं कळव, पाढा बेचा असला तरी.

तुझ्यावरची माया पूर्वी होती तेवढीच आहे, मोजून पाहिली.

श्रीरंगमामा

नवागाम, सुरत
२५ मे १९९७

ती. मामांस,
चंचलचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र उशीखाली ठेवून झोपते. डॉक्टरांनी परवानगी दिली.

पहिल्या दिवशी बाराच्या पाढ्याला दम तुटला. लाज वाटली, पण खरं लिहिते. चौथ्या दिवशी सोळा. आज एकोणिसाचा पाढा पूर्ण म्हटला आणि शेवटचं वळण मागे पडलं तेव्हा मी विसाचा सुरू केला होता. घाम तेवढाच येतो, पण आता त्याची भीती वाटत नाही. तो म्हशीवाला रोज थांबून ऐकतो. त्याने अप्पांना गुजरातीत विचारलं की बेन कसली परीक्षा देते. अप्पा म्हणाले, गणिताची.

अप्पा रात्रपाळी करून थेट कॅनॉलवर येतात, बाटली हातात घेऊन डुलक्या काढत उभे राहतात. मी आले की दचकून बाटली पुढे करतात. काल झाकण उघडायचं विसरले.

मी किती वेळात धावते ते मला माहीत नाही. कधी कधी फार भीती वाटते की अजून सोळाच असतील. गुरुवारी भुसावळ पॅसेंजरने निघते. अप्पांना रजा नाही, म्हणून वाल्मिकभाऊ अमळनेरपर्यंत सोबत आहेत. मला उतरवून घ्यायला या, आणि राग आला असेल तर तो स्टेशनवरच काढा.

तुमची,
चंचल

धुळे
१ जून १९९७, सकाळी दहा

रा. रा. उखाराव यांस,
श्रीरंगचा सप्रेम नमस्कार वि. वि.

मैदानाच्या कठड्यावर बसून लिहितो आहे, अक्षर हललं आहे ते समजून घ्या. तार करणार होतो, पण तारेत हे मावणार नाही.

शुक्रवारी चंचलला पारोळ्याच्या माळावर हळूच पळवलं. अर्ध्या वाटेवरून ती परत आली आणि विचारलं की इथल्या हवेला काय झालं आहे. मी घाबरलो. ती म्हणाली, अंगावरचा घाम निघून जातो, डोक्यावरचं ओझं कुणी काढून घेतल्यासारखं वाटतं, पाय आपोआप पुढे पडतात. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की सुरतेच्या त्या दमट उन्हाने पोरीला अडीच महिने काय शिकवलं आहे. हे मी तिला शिकवू शकलो नसतो.

आज साडेसहाला चौदा मुली उभ्या राहिल्या. पोरीची माय सुमन आणि आमची मंगला कठड्याशी. चंचल पहिल्या वळणावर सहावी होती, ओठ हलत होते, पाढेच म्हणत असणार. मी हातातलं स्टॉपवॉच सुरू केलं होतं. निम्म्यावर ती तिसरी आली. शेवटच्या चारशे मीटरला तिने पाढे सोडले आणि मग उखाराव, तुमची पोर धावली. सुमन डोक्यावरचा पदर सोडून अहिराणीत ओरडत होती आणि मी एकतीस वर्षांचा शिस्तीचा मास्तर तिच्याहून मोठ्याने ओरडत होतो. चंचल दुसरी आली, आणि त्या गडबडीत मी स्टॉपवॉच थांबवायचंच विसरलो. पहिली आलेली मुलगी जिल्ह्याच्या संघातली आहे.

निकाल लिहिताना परीक्षकांनी तिचा अर्ज काढला, माझी सही पाहिली आणि मला बोलावून घेतलं. म्हणाले की मास्तर, तुम्ही इथे सरावाची वेळ चौदा मिनिटं पाच सेकंद लिहिली आहे, ती बरोबर नाही. तोच एप्रिलमधला कारकून बाजूला उभा होता. मी चूक कबूल करायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी त्यांचं घड्याळ माझ्यापुढे धरलं. तेरा मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद.

प्रवेश पक्का झाला. एकतीस वर्षांत माझ्या सहीखालचा आकडा पहिल्यांदाच खोटा निघाला आणि मी मैदानभर भेटेल त्याला ते सांगत सुटलो आहे. चंचलने तुम्हाला एवढंच कळवायला सांगितलं आहे की अप्पांनी आता पहाटे झोपावं. लोभ उभयपक्षी असाच वाढत राहो.

आपला,
श्रीरंग