बारा ताजी अंडी

बाई,

तुम्ही गेल्याचं मला वर्तमानपत्रातून कळलं. फोटोत तुम्ही हसत होतात, म्हणून आधी ओळखलंच नाही. मी तेव्हा कोरगावातल्या काजूच्या कारखान्यात कामाला होते आणि त्याच कागदात माझा दुपारचा पाव गुंडाळलेला होता. वाईट वाटलं नाही. मेलेल्या माणसाशी खोटं कशाला बोलायचं? पाव खाल्ला, हात धुतले आणि परत काजू सोलायला बसले. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तरी काल तुमच्याशी मनातल्या मनात असं कडाक्याचं भांडण झालं की आज कागद घेऊन बसले आहे.

आमच्या घरात उकडलेलं अंडं माझा नवरा सोलतो. लग्न झाल्यापासून ही रीतच पडली आहे. मी पोळी करते, रस्सा करते, अंडी उकडूनही देते, पण सोलायची वेळ आली की पातेलं त्याच्यापुढे सरकवते. त्याने एकदाच कारण विचारलं. मी म्हटलं, मला जमत नाही. काल तो घरी नव्हता, आणि मुलीच्या मैत्रिणी जेवायला यायच्या होत्या. तिने फोनवर एक चित्र दाखवलं आणि म्हणाली, "आई, हे कर ना! अर्धी अंडी, आत पिवळं भरलेलं." मी पाहिलं आणि फोन तिच्याकडे परत सरकवला. तिला काय ठाऊक, हा पदार्थ तिच्या आईने एकदाच करायला घेतला होता.

डिचोलीची आपली शाळा, गृहविज्ञानाची खोली, वर्षअखेरचं प्रदर्शन. बारा अंडी मी आणायची आणि बारा माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीने. आमच्या मये गावातल्या घरी सात कोंबड्या होत्या. आईने दोन दिवस त्यांच्या मागे फिरून अंडी जमवली, शेवटची चार तर त्याच सकाळची, हाताला ऊब लागत होती. "बाईंक ताजीं व्हर," बाईंना ताजीच ने, असं ती म्हणाली आणि डब्यात कोंडा घालून त्यात एकेक अंडं बाळासारखं निजवलं. बसमध्ये मी तो डबा मांडीवर धरून बसले आहे, प्रत्येक वळणावर श्वास रोखते आहे. तुम्ही डबा उघडाल आणि काय म्हणाल, एवढंच डोक्यात आहे. तुम्ही डबा उघडलाच नाहीत. अंडी उकडली, मी सोलायला घेतली, आणि सालीबरोबर पांढऱ्याचे लचके निघायला लागले. एक, दोन, पाच. शेजारणीची दुकानातली अंडी कशी गुळगुळीत निघत होती! प्रदर्शन बघायला बोलावलेल्या पाहुण्या बाई दारात आल्या तशी तुम्ही माझं मनगट धरलंत आणि सगळ्या वर्गासमोर वर उचललंत. "हे शेण थापायचे हात. ह्यांना अंडं सोलता येत नाही, आणि ही म्हणे पणजीला हॉटेलचं शिकायला जाणार!" पाहुण्या बाई हसल्या. मुली हसल्या. माझी अंडी तुम्ही कचऱ्याच्या बादलीत टाकलीत. बाराच्या बारा.

त्या शिक्षणासाठी तुमची शिफारशीची चिठ्ठी लागणार होती. मी मागायला आले तेव्हा तुम्ही वहीतून मानही वर केली नाहीत. "आधी हात सुधार," म्हणालात. माझे वडील म्हणाले, बाई म्हणतात म्हणजे खरंच असणार. आणि खरं चिडण्यासारखं हे की मलाही तसंच वाटलं. एका वाक्यावर मी माझं आयुष्य तुमच्या हवाली केलं. पुढे ह्याच हातांनी वीस वर्षं काजूगरावरची तांबडी फोल काढली. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असते ती, आणि गर मोडता कामा नये. माझे मोडत नसत. मुकादम नव्या बायकांना माझ्याजवळ शिकायला बसवायचा. तरी घरी आले की अंड्याचं पातेलं नवऱ्यापुढे.

तर काल. घरच्याच कोंबड्यांची अंडी, परवा-कालची. उकडली, सोलली, आणि पुन्हा तेच लचके. मी पातेलं आपटलं. सासूबाई खोलीतून आल्या, ताटलीत बघितलं आणि बोळकं उघडून हसल्या. "अगो, ताज्या अंड्याची साल सुटणा नाय. आठ दीस तरी रवाक होयीत." आठ दिवस तरी ठेवलेली हवीत म्हणे. खुडूक कोंबडीखाली ठेवायला त्यांनी टोपलीत जुनी अंडी साठवली होती, तीच उचलून दिली. साल एका ओढीत सरकन उतरली. सगळी. मी अर्धी केली, बलक कुस्करला, मेयोनीज, मोहरी, थोडं माडाचं आंबट विनागर, मीठ, मिरी घातली, दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून भरलं, वरून लाल तिखट भुरभुरलं. मुली तुटून पडल्या. मला एकही खाववेना. एवढीशी गोष्ट! तुम्ही अशाच गोष्टींच्या शिक्षिका होतात. ठाऊक नव्हती तर कसल्या शिक्षिका, आणि ठाऊक असून गप्प बसलात तर कसल्या बाई?

इथपर्यंत लिहिलं आणि तुमच्या तासाची माझी वही काढायला उठले. तुम्ही सांगितलेल्या कृती मी अजून ठेवल्या आहेत. तुम्ही ही गोष्ट कधी सांगितलीच नाही, हे पुराव्यासकट तुमच्या तोंडावर मारायचं होतं. पान सापडलं. दुसरीच ओळ, माझ्याच अक्षरात: "अंडी ताजी नसावीत, आठवडाभर ठेवलेली घ्यावीत."

म्हणून काही मी तुम्हाला माफ करत नाही. त्या दिवशी मनगट उचलण्याऐवजी "वहीत बघ" एवढं म्हणायला तुमची जीभ झिजली असती का? माझ्या आईची अंडी बादलीत टाकायची गरज नव्हती. चिठ्ठीही देता आली असती. हे सगळं अजूनही तुमच्याच माथी आहे.

पण हे पत्र आता त्याच पानात ठेवते आहे, कारण ती ओळ लिहितानाचं मला आठवलं. मी शेजारणीला कोपर मारून तिच्या कानात म्हटलं होतं, बाईंच्या घरी एक कोंबडी नाही, त्यांना अंड्यांतलं काय कळतंय! ती हसली होती. आणि जाऊन दुकानातली शिळी घेऊन आली होती.