दोनदा वाजली म्हणजे पुरे

६ जानेवारी

घंटी आणली! वक्तृत्व स्पर्धेत परीक्षकांच्या टेबलावर असते, वेळ संपली की वाजते, तीच. माझी जन्माची वैरीण — आणि आता ती माझ्या लेकीच्या, रक्षाच्या चाकाच्या खुर्चीच्या फळीवर! थेरपीच्या हर्षाताई म्हणाल्या, "बोलता येत नाही म्हणून काय झालं? एकदा वाजवली — हवं. दोनदा — पुरे." मी त्यांना समाजाच्या बहिरेपणाबद्दल थोडं सांगितलं. त्यांचा चहा गार झाला.

८ जानेवारी

टिंग. टिंग. दिवसभर टिंग. आईचा निकाल तयार — "ते कायचं सांगून राह्यली! हात उडते तिचा. सेरेब्रल पाल्सी हाये ना पोरीले." नमिता माझ्याकडे बघत होती. नवऱ्यानं आता गरजावं अशी अपेक्षा. मी गरजलो नाही. व्यासपीठावर ठणकावतो, प्रत्येक मुलाला मत असतं! घरी लेकीच्या बोटांकडे बघतो आणि भीती वाटते — खरंच नुसता हात उडत असेल तर?

११ जानेवारी

दुधीची भाजी — दोनदा. दुधात भिजवलेलं गोरसपाक बिस्कीट — एकदा. तोंड भरलेलं असताना पुन्हा एकदा! मी म्हणालो, योगायोग. नमितानं उरलेला सगळा दुधी माझ्या ताटात वाढला.

संध्याकाळी शेजारचे बंडूजी आले. गुडघ्याची कथा सुरू. टिंग टिंग! "बरं माय, निंगतो," म्हणाले आणि गेले की! आजवर या माणसाला कोणी उठवू शकलं नव्हतं.

१४ जानेवारी

संक्रांत. जो तो येऊन तिला 'गोड बोल' म्हणतो. टिंग टिंग.

१९ जानेवारी

बोरगाव मेघे गावात भाषण. विषय — अपंग मुलांचे हक्क. रक्षा पहिल्या रांगेत, घंटीसकट. मी मूठ उगारली — "मित्रहो, या लेकराचा आवाज म्हणजे मी!"

टिंग टिंग.

पाणी प्यालो. "पुन्हा सांगतो, हिचा आवाज म्हणजे —"

ती माझ्याकडेच बघत होती. मान वाकडी करून, कोपर फळीवर घासत, दम खात हात घंटीपर्यंत नेला. टिंग. परत तेवढीच खटपट. टिंग.

मागून बंडूजी — "पोरगी सांगून राह्यली ना भाऊ! बसा ना खाली!"

सभागृह हसून लोळलं. मी बसलो. आयुष्यात पहिल्यांदा, वाक्य अर्धं टाकून.

घरी आई म्हणाली, "हात उडाला असंन." मी ओरडलो — "नाही उडाला!"

२० जानेवारी

सकाळपासून गप्प आहे. हुकूम म्हणजे हुकूम. तोंडातून शब्द न काढता तिला वरणभात भरवला.

टिंग.

घास पुढे केला. तोंड घट्ट मिटलेलं. पाणी धरलं — नाही. टिंग. डोळे माझ्या तोंडावर.

हळूच म्हणालो, "मित्रहो..."

खुर्ची हलेपर्यंत हसली. मी दुसऱ्या घंटीची वाट पाहिली. वाजली नाही.

भात गार झाला.